महापुरात बुडालेला साडेचार फुटी लेथ: टेपर येतो आहे, बुश बदलावे की आधी काही तपासावे?

शाहूपुरीकर | ४ मे

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कोणाला सल्ला देता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे सगळे नीट मांडतो.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तीसेक वर्षे टर्नर होते. कारखान्याने जुनी यंत्रे काढली तेव्हा ज्या लेथवर, म्हणजे धातूचा बार फिरवून हत्याराने कापणाऱ्या यंत्रावर, त्यांनी उमेदीची वर्षे घालवली तोच त्यांनी विकत घेतला आणि शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसवला. बेड साडेचार फुटी, बेडपासून सेंटरची उंची १६५ मिमी, कोन पुली, फ्लॅट बेल्ट, बॅक गिअर आणि इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू. बनावटीची पाटी पार झिजली आहे. हा कर्नाटकातल्या हरिहरचा नव्हे, पंजाबातल्या बटाल्याकडचा असावा, असे बाबा सांगत. स्पिंडल, म्हणजे काम पकडणारा चक फिरवणारा मुख्य दांडा, बॉल बेअरिंगवर नाही. पुढे आणि मागे दोन-दोन अर्धुकांचे गनमेटल बुश, म्हणजे स्पिंडलला धरणाऱ्या मिश्रधातूच्या कड्या, आहेत आणि वरून कॅप बोल्टने आवळली जाते.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेचे पाणी खोलीत शिरले आणि चकच्या निम्म्यापर्यंत चढले. पाणी उतरल्यावर बाबांनी रॉकेलने धुऊन, तेल लावून लेथ झाकून ठेवला. पुढे त्यांची प्रकृती खालावली आणि यंत्र तसेच राहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, त्या वेळी फक्त पाय भिजले. त्यानंतर खोलीची जमीन उकरून नवा कोबा व टाईल्स केल्या आणि लेथ चार अँकर बोल्टवर पुन्हा उभा केला. बाबा आता नाहीत. यंदा मोटर रिवाइंड करून घेतली आणि एप्रिलमध्ये लेथ सुरू केला.

अडचणी दोन आहेत. २५ मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील) बार चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा (चकसमोरच्या टोकाच्या टेकूचा) आधार न देता १५० मिमी लांबीपर्यंत टर्न केला, तर टेलस्टॉककडचे टोक चककडच्या टोकापेक्षा ०.१३ मिमी जाड येते, म्हणजे टेपर येतो. शिवाय पार्टिंग करताना, म्हणजे बार आडवा कापून तुकडा वेगळा करताना, सबंध यंत्र थरथरते आणि कामावर लाटा उमटतात.

एका मेकॅनिकने पाहून सांगितले की दोन्ही बुश गेले आहेत, हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल बसतो तो भाग, उतरवून नवे गनमेटलचे बुश ओतून, बोअर करून बसवावे लागतील. खर्चाचा आकडा मोठा आहे, पण माझी अडचण खर्चाची नाही. ते बुश बाबांनी स्वतः निळा रंग लावून, एकेक ठिपका पाहत स्क्रेपिंग केलेले, म्हणजे खरवडून नेमके बसवलेले, मी लहानपणी शेजारी बसून पाहिले आहे. ते खरोखर झिजले असतील तर बदलेन. परंतु दोष त्यांचाच आहे याची खात्री कशी करावी?

जुना टर्नर | ४ मे

सर्वप्रथम एक विनंती: हेडस्टॉकच्या एकाही बोल्टला पाना लावू नका. मी अशी चार-पाच यंत्रे पाहिली आहेत की ज्यांत दोष एका ठिकाणी होता आणि उघडून ठेवले दुसरेच, आणि मग पहिला दोष कायम राहून वर दुसरा निर्माण झाला. जे यंत्र वीस-पंचवीस वर्षे बरोबर कापत होते, ते हलवल्यानंतर किंवा पाण्यातून निघाल्यानंतर टेपर कापू लागले, तर बुश एकाएकी झिजले असे मानण्याआधी त्या काळात नेमके काय बदलले याचा विचार करावा. तुमच्या लिखाणात मला दोन गोष्टी बदललेल्या दिसतात. एक, गाळाचे पाणी आत शिरले. दोन, जमीन नवी झाली.

स्पिंडलच्या ऑइल कपात कोणते तेल घालता, आणि कपाच्या तळाशी लोकरीची वात आहे का, तेवढे आधी कळवा.

शतांश | ५ मे

तुमच्या चाचणीतच थोडी गडबड आहे, म्हणून ती आधी दुरुस्त करू या. चकमधून बाहेर आलेला बार हत्याराच्या रेट्याने मागे वाकतो. टोकाशी तो सर्वांत जास्त वाकतो, त्यामुळे यंत्र अगदी निर्दोष असले तरी टोक जाडच येणार. ४० मिमी जाडीचा बार १७० मिमी बाहेर असेल आणि टोकाशी पाच किलोचा रेटा बसला, तर तो जेमतेम तीन मायक्रॉन वाकतो. २५ मिमीचा बार त्याच रेट्याला वीसएक मायक्रॉन वाकतो, कारण वाकणे जाडीच्या चौथ्या घाताने बदलते. व्यासात ही चूक दुप्पट दिसते. म्हणजे तुमच्या ०.१३ पैकी काही भाग यंत्राचा नसून बारचा आहे.

४० मिमीचा बार घ्या. दोन टोकांना १५ मिमी रुंदीच्या दोन कॉलर ठेवा, त्यांच्या मध्यांतले अंतर १५० मिमी असू द्या आणि मधला भाग दोन मिमीने उतरवून टाका. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) हत्यार नव्याने धार लावून घ्या. शेवटचा कट ०.१ मिमीपेक्षा खोल नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रॉस स्लाइडच्या (हत्यार कामाकडे आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) डायलला हात न लावता, एकाच चालीत, बारीक ऑटो फीडवर दोन्ही कॉलर कापा. माप व्हर्नियरने नको, मायक्रोमीटरने घ्या, आणि एकच माप तीनदा घेऊन पाहा.

शिल्पनिदेशिका | ५ मे

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवते. शतांश यांच्या चाचणीबरोबर स्पिंडलचा प्ले, म्हणजे बुशातली सैल हालचाल, हाही मोजावा, कारण मेकॅनिकच्या म्हणण्याची शहानिशा त्याच मापाने होईल.

डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड हेडस्टॉकच्याच ओतकामावर बसवावा. तो बेडवर किंवा सॅडलवर (हत्यार वाहून नेणाऱ्या सरकत्या भागावर) ठेवला तर यंत्राचे इतर लचकणेही मापात मिसळते. गेजचे टोक स्पिंडलच्या नाकाडावर, म्हणजे चक बसतो त्याच्या मागच्या गोल भागावर, बरोबर वरून टेकवावे. चकमध्ये फूटभर लांबीचा जाड बार धरून हाताने वर उचलावा आणि सोडावा. खुर्ची उचलायला लावतो तेवढाच जोर लावावा, पहारीने उचकटू नये. अशा साध्या बुशात दोन ते तीन शतांश मिलिमीटर प्ले असणे योग्य आहे, कारण तेलाच्या थराला तेवढी जागा लागतेच. पाचाच्या पुढे असेल तर कॅपखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, कमी करता येतात. गेज बारच्या टोकाला लावू नका, तिथे तरफेमुळे आकडा फुगतो.

शाहूपुरीकर | ८ मे

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे रविवारी सगळे केले.

४० मिमी बारवर दोन कॉलरची चाचणी: टेलस्टॉककडची कॉलर ०.०९ मिमी जाड. तीनदा मोजले, फरक पाच मायक्रॉनच्या आत राहिला. म्हणजे केवळ चाचणी नीट केल्यानेच चार शतांश कमी झाले.

स्पिंडलचा प्ले: ताईंचा इशारा वाचण्याआधी बारच्या टोकाला गेज लावून पाहिले होते, तिथे ०.१४ दिसले होते. मेकॅनिकनेही बहुधा असेच काही पाहिले असावे. नाकाडावर गेज लावल्यावर ०.०६ मिमी दिसले.

काकांनी तेलाचे विचारले होते. मागच्या कपात वात होती. पुढच्या कपात मी वरून तेल घालत होतो, पण कप उघडून पाहिला तर वात म्हणजे गाळाचा वाळलेला गोळा झाला होता. सुईने टोचला तर तो खडूसारखा तुटला. त्याखालच्या भोकात तेलाचा थेंब नव्हता. बाबांनी बाहेरून सगळे धुतले होते, पण ही जागा त्यांच्या नजरेतून सुटली असावी.

जुना टर्नर | ८ मे

हे फार महत्त्वाचे सापडले. आता पुढचा बुश उघडणे भाग आहे, पण बदलण्यासाठी नव्हे, धुण्यासाठी. कॅप काढण्यापूर्वी कॅप आणि बॉडी यांच्यावर मिळून एक खूण करा, म्हणजे ती उलटी बसणार नाही. दोन्ही बाजूंच्या शिमच्या गड्ड्या वेगवेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर पुढची व मागची असे लिहा. बुशावर आणि स्पिंडलच्या जर्नलवर (बुशात फिरणाऱ्या भागावर) नख फिरवा. बारीक चमकदार रेघा चालतील, पण नख अडकेल असे चर असतील तर इथे फोटो टाका. रॉकेलने धुवा, सुती पण धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. एमरी पेपर अजिबात लावू नका, त्याचे कण गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि पुढे वर्षानुवर्षे स्पिंडल खात राहतात.

नवी वात खऱ्या लोकरीच्या नमद्याची हवी. सिंथेटिक नमदा तेल वर ओढत नाही. तेल पातळ हवे, ३२ ग्रेडचे स्पिंडल किंवा हायड्रॉलिक तेल चालेल. बेडला आणि स्लाइडला मात्र ६८ ग्रेडचे जाड तेल घाला.

प्ले सहा शतांशांवरून तीनवर आणायचा असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्याच जाडीचे, तीन शतांशांचे शिम काढा. एका बाजूचे काढून दुसरीकडचे ठेवले तर कॅप तिरकी बसते. कॅप आवळल्यावर चक हाताने फिरवून पाहा, तो सहज फिरला पाहिजे. मग मधल्या वेगावर अर्धा तास रिकामा चालवा आणि बुशाच्या जागी तळहात ठेवा. हात सुखाने ठेवता आला तर ठीक. चटका बसला तर एक पातळ शिम परत घाला.

गडहिंग्लजकर | ९ मे

आमचा लेथ पुरात नव्हता, तरी एक अनुभव सांगतो. पाण्यातून निघालेल्या यंत्राचा चक नक्की उघडा. बाहेरून स्वच्छ दिसतो, पण आतल्या स्क्रोलच्या (जॉ सरकवणाऱ्या सर्पिल चकतीच्या) आट्यांत काय अडकले आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. जॉ, म्हणजे काम पकडणारे जबडे, बाहेर काढताना त्यांच्यावरचे एक, दोन, तीन हे आकडे आणि खाचांवरचे आकडे जुळवून परत त्याच क्रमाने घाला, नाहीतर तीन जॉ एका केंद्रावर येणार नाहीत.

बेडपारखी | ९ मे

मला वाटते दोष बेडच्या झिजेत आहे. जुन्या लेथचा बेड चकजवळच सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. सॅडल तिथे खाली बसते. बेड ग्राइंडिंग केल्याशिवाय हा टेपर जाणार नाही, असे माझे मत आहे.

शतांश | ९ मे

बेड झिजला असेल हे मान्य, पण त्याने या टेपरचा उलगडा होत नाही. हत्यार सरळ खाली गेले तर व्यासावर परिणाम नगण्य असतो. ४० मिमीच्या कामावर हत्यार पूर्ण एक दशांश मिलिमीटर खाली बसले, तरी त्रिज्येत फरक पडतो तो केवळ पाव मायक्रॉनचा. झीज जाणवते ती पुढचा वे (बेडवरची सॅडल सरकण्याची पट्टी) मागच्यापेक्षा जास्त झिजून सॅडल पुढे झुकते तेव्हा. परंतु त्या स्थितीत हत्यार कामापासून दूर जाते आणि काम चकजवळ जाड येते. इथे नेमके उलटे आहे, टेलस्टॉककडचे टोक जाड आहे.

शाहूपुरीकर | १४ मे

चक उघडला. गडहिंग्लजकर यांनी सांगितले नसते तर मी तो कधीच उघडला नसता. स्क्रोलच्या सर्पिल खाचांत पंचगंगेचा गाळ ग्रीसमध्ये मळून पुटीसारखा बसला होता. बारीक वाळू हाताला कचकच लागत होती. लाकडी काडीने सगळ्या खाचा उकरल्या, रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला आणि धुऊन, पातळ तेल लावून बसवला. जॉ आता किल्लीच्या हलक्या फिरवण्याने सरकतात.

पुढचा बुश उघडला. रेघा आहेत, पण नख अडकत नाही. स्क्रेपिंगचे ठिपके अजून दिसतात, आणि ते दिसल्यावर मी थोडा वेळ नुसता पाहत बसलो. दोन्ही बाजूंनी तीन शतांशांचे शिम काढले, नवी वात घातली, ३२ ग्रेडचे तेल भरले. आता नाकाडावर प्ले ०.०३ मिमी आहे. अर्धा तास चालवल्यावर बुश कोमट, हात आरामात राहतो.

दोन कॉलरची चाचणी पुन्हा केली. टेपर ०.०८ मिमी. म्हणजे बुशाने एकच शतांश दिला. आता पुढे काय?

हेडस्टॉक सरळ करा | १४ मे

आता हेडस्टॉकचे चार बोल्ट सैल करून तो किंचित वळवा आणि टेपर शून्य होईपर्यंत जुळवत राहा. मी माझ्या छोट्या लेथवर असेच केले आणि काम झाले.

शिल्पनिदेशिका | १५ मे

कृपया असे करू नका. काही छोट्या लेथना हेडस्टॉक वळवण्याची सोय असते, पण या प्रकारच्या यंत्रात हेडस्टॉक बेडच्या उलट्या व्ही वेवर बसतो आणि त्याची दिशा कारखान्यातच स्क्रेपिंग करून ठरवलेली असते. बेडला पीळ पडला असताना हेडस्टॉक वळवून टेपर घालवला, तर तो एकाच ठिकाणी शून्य दिसेल आणि लांब कामावर दुसऱ्या रूपात परत येईल. एका चुकीवर दुसरी चूक बसवून पहिली झाकण्यासारखे आहे ते. टेलस्टॉकचाही इथे संबंध नाही, कारण चाचणीत त्याचा आधारच घेतलेला नव्हता. दोन सेंटरच्या मध्ये काम धरून टेपर आला तरच टेलस्टॉकच्या बाजूच्या स्क्रूंना हात लावायचा.

शिरोली फाटा | १५ मे

मी यंत्रे उभी करण्याचे काम करतो, म्हणून माझे लक्ष पहिल्यापासून तुमच्या टाईल्सवर आहे.

लेथचा बेड दिसायला अवजड ओतीव लोखंड, पण पिळाच्या दृष्टीने तो आपण समजतो तितका ताठ नसतो. चार पायांपैकी एका पायाखाली पोकळी असेल आणि अँकर बोल्ट जोरात आवळला, तर पाय खाली खेचला जातो आणि बेडला पीळ पडतो. टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे काम करणारा उभा राहतो त्या बाजूचा पाय खाली गेला, तर सॅडल त्या टोकाला कामगाराकडे झुकते, हत्यार कामापासून मागे हटते आणि ते टोक जाड येते. तुमचे लक्षण हेच आहे.

दोन गोष्टी करा. चारही पायांभोवतीच्या टाईल्सवर हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू वाजवा आणि आवाज ऐका. मग कोणाकडून तरी मशीन लेव्हल मागून आणा, म्हणजे ज्याचा एक भाग मीटरला ०.०२ मिमी दाखवतो तो. गवंड्याची पाणसळ इथे उपयोगाची नाही. लेव्हल बेडवर आडवी ठेवा, एकदा हेडस्टॉकजवळ आणि एकदा टेलस्टॉककडच्या टोकाला. यंत्र पूर्णपणे पाणसळीत असण्याची गरज नाही, ते सबंध एका बाजूला कललेले असले तरी चालते. दोन्ही ठिकाणचा कल मात्र एकच हवा. बुडबुडा पूर्ण बाहेर गेला तर लेव्हलच्या खालच्या टोकाखाली फीलर गेजच्या पाती घालून तो मध्ये आणा आणि पातीची जाडी लिहून ठेवा. लेव्हल ठेवण्यापूर्वी वे रॉकेलने पुसा आणि बोटाने चाचपा, एखादा कीस अडकला तर सगळे माप फुकट जाते.

शाहूपुरीकर | २१ मे

मित्राच्या कारखान्यातून २०० मिमी लांबीची लेव्हल एका दिवसासाठी मिळाली.

हेडस्टॉकजवळ बुडबुडा जवळजवळ मध्ये. टेलस्टॉककडे बुडबुडा मागच्या बाजूला पळाला. पुढच्या टोकाखाली ०.३० मिमीची पात घातल्यावर तो मध्ये आला. लेव्हल फिरवून उलटी ठेवून पाहिली, तेच उत्तर.

टाईल्स वाजवल्या. तीन पायांशी टणक आवाज, आणि टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाशी मडक्यासारखा पोकळ. याच पायाचा अँकर बोल्ट मी सगळ्यांत जास्त आवळला होता, कारण तो पाय सुरुवातीला किंचित उचललेला दिसला होता.

दोन्ही टोकांच्या पायांमधले अंतर एक मीटर आहे. पुढच्या आणि मागच्या पायांमधले अंतर ३८० मिमी.

शतांश | २१ मे

आकडे इतके स्वच्छ आहेत की गणित मांडल्यावाचून राहवत नाही.

दोनशे मिमीला ०.३० म्हणजे मीटरला दीड मिमी पीळ. हत्यार बेडपासून १६५ मिमी उंचीवर आहे, म्हणून टेलस्टॉककडच्या पायावर हत्यार सुमारे ०.२५ मिमीने मागे हटते. हे हटणे एक मीटरवर पसरले आहे असे धरले तर १५० मिमीला ते ०.०३७ येते, आणि व्यासात दुप्पट म्हणजे ०.०७४. तुमचा उरलेला टेपर ०.०८ आहे. जवळजवळ सगळा हिशेब लागला.

पायांमधले अंतर ३८० मिमी असल्याने त्या पायाखाली शिम लागेल सुमारे ०.५७ मिमीची.

जुना टर्नर | २२ मे

आता घाई करू नका. आधी चारही अँकर बोल्ट पूर्ण सैल करा आणि यंत्र एक रात्र तसेच राहू द्या. सकाळी लेव्हल पाहा. बोल्टने खेचलेला पीळ बराचसा आपोआप सुटतो, मग किती शिम लागते ते नव्याने मोजा. शिम पोलादी किंवा पितळी पत्र्याची, पायाच्या पूर्ण तळाएवढी कापलेली असावी. पुठ्ठा, रबर, कागद यांतले काही चालत नाही, ते दबत जाते.

त्या पोकळ टाइलवर मात्र शिम ठेवू नका. टाइल फोडून, खालचा भुसभुशीत माल काढून नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आक्रसणारा सिमेंटचा माल) भरा, पाच-सात दिवस वाळू द्या आणि मगच पाय टेकवा. शेवटी बोल्ट आवळताना लेव्हल बेडवरच ठेवून आवळा. आवळल्याने बुडबुडा हलला तर समजा की त्या पायाखाली अजून पोकळी आहे.

तारा आणि अर्थिंग | २३ मे

चर्चा यांत्रिकीची आहे, तरी एक सांगणे आवश्यक वाटते. मोटर रिवाइंड केली हे बरे झाले, पण पाण्यात बुडालेला स्टार्टर, स्विच आणि खोलीतले वायरिंग तेच जुने असेल तर ते बदला. मोटर जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधले इन्सुलेशन मोजा. एक मेगओमच्या खाली असेल तर यंत्र चालवू नका. लेथच्या बेडला स्वतंत्र अर्थिंग द्या. ओल्या जमिनीवर उभे राहून लोखंडाला दिवसभर हात लावायचा आहे.

शाहूपुरीकर | ५ जून

अर्थिंग आणि मेगर दोन्ही झाले, स्टार्टर नवा बसवला.

टाइल फोडली. खाली मूठभर मोकळी वाळू होती, सिमेंट लागलेच नव्हते. ग्राउट भरून आठ दिवस थांबलो. बोल्ट सैल केल्यावर लेव्हलच्या टोकाखालची पात ०.३० वरून ०.१२ वर आली, म्हणजे काकांनी म्हटल्याप्रमाणे अर्ध्याहून अधिक पीळ बोल्टचाच होता. उरलेल्यासाठी ०.२२ मिमीची पोलादी शिम पुरली. नंतर बोल्ट आवळताना बुडबुडा जागचा हलला नाही.

दोन कॉलरची चाचणी: टेपर ०.०१ मिमी.

बुश बाबांचेच आहेत.

शिल्पनिदेशिका | ५ जून

मनापासून अभिनंदन. आता पार्टिंगची थरथर पाहू. हत्याराची उंची तपासण्याची सोपी रीत अशी की बारीक स्टील पट्टी हत्याराचे टोक आणि गोल काम यांच्यामध्ये हलकेच दाबून धरावी. पट्टी उभी राहिली तर हत्यार सेंटरवर आहे. वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. पार्टिंग टूल होल्डरमधून जितके कापायचे तितकेच बाहेर ठेवा. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड (तिच्यावरची छोटी स्लाइड) यांच्या जिब पट्ट्या, म्हणजे स्लाइडचा सैलपणा घालवणाऱ्या पट्ट्या, अशा आवळा की हँडल फिरेल, पण स्लाइड हाताने हलवल्यावर खडखडणार नाही. कंपाउंड पार्टिंगच्या वेळी पूर्ण लॉक करावा. वेग बॅक गिअरचा, म्हणजे कमी, ठेवा, कटिंग ऑइल भरपूर घाला आणि फीड देताना हात थांबवू नका, कारण थांबलेले हत्यार कापायचे सोडून घासू लागते.

शाहूपुरीकर | ९ जून

हत्यार जवळपास एक मिमी खाली होते. जिब पट्टीचे तीनपैकी दोन स्क्रू इतके सैल होते की बोटाने फिरले. दोन्ही दुरुस्त केल्यावर ४० मिमीचा बार बॅक गिअरवर सरळ कापला गेला, लाटा नाहीत. अजून एक बारीक ठोका ऐकू येतो, साधारण सेकंदाला दोनदा, आणि फिनिश कटवर त्याच अंतराने पुसट खुणा दिसतात.

इचलकरंजीकर | ९ जून

बेल्टचा जोड पाहा. जुन्या मागांवर आम्ही हाच ठोका रोज ऐकायचो. लोखंडी हूकने जोडलेला फ्लॅट बेल्ट पुलीवरून जाताना प्रत्येक फेरीत आपटतो. बेल्टची दोन्ही टोके तिरकी तासून, एकमेकांवर चढवून गोंदाने चिकटवून घ्या. जोडाचे टोक पुलीवर घासत उलटे चढू नये, ते फिरण्याच्या दिशेने मागे राहावे, एवढी काळजी घ्या.

शाहूपुरीकर | १६ जून

जोड चिकटवून घेतला, ठोका गेला. पाऊस सुरू झाला आहे, म्हणून पावसाळ्यात यंत्राची काळजी कशी घ्यावी हे विचारतो. आमच्या खोलीत जुलैमध्ये भिंतींना ओल येते.

जुना टर्नर | १६ जून

प्लास्टिक झाकू नका. रात्री तापमान उतरल्यावर प्लास्टिकच्या आत दमट हवेचे पाणी होते आणि ते बेडवर साठते. जाड सुती चादर घाला, आत जमिनीपासून उंच साठ वॅटचा साधा पिवळा बल्ब चादरीला न टेकेल असा लावून ठेवा, म्हणजे लोखंड खोलीपेक्षा किंचित उबदार राहील. बेडवर ६८ ग्रेडच्या तेलाचा थर असू द्या आणि आठवड्यातून एकदा सॅडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा, कारण सॅडलखाली अडकलेले पाणी सर्वांत खोल गंज करते. गाळाचे पाणी पुन्हा येण्याची भीती वाटली तर मोटर आणि चक उतरवून माळ्यावर ठेवा, तेवढे दोन माणसांना जमते. आणि पाऊस पूर्ण ओसरल्यावर कॉलरची चाचणी पुन्हा घ्या. नवे ग्राउट पहिल्या पावसाळ्यानंतर किती बसते ते तेव्हाच कळेल.

शाहूपुरीकर | १९ ऑक्टोबर

काका, चाचणी आज घेतली. टेपर ०.०२ मिमी आला. लेव्हल पुन्हा मागून आणली, टेलस्टॉककडे तीन भागांचा फरक होता. तोच पुढचा पाय, अगदी किंचित. शिमवर पाच शतांशांचा आणखी एक पत्रा चढवल्यावर टेपर एका शतांशाच्या आत आला. चादर आणि बल्ब यामुळे बेडवर गंजाचा एकही डाग नाही. सॅडलखालचे तेल पुसले तर फडके पिवळे निघाले, तपकिरी नाही.

कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या चरकाची पिन झिजली होती. तिच्या मालकाने बाबांकडूनच पूर्वी एकदा ती करून घेतली होती, म्हणून तो परवा विचारत आला. टेलस्टॉकचा आधार देऊन १८० मिमी लांबीची नवी पिन आज टर्न केली. मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना २४.९८ मिमी दाखवले.